पाथमधून एक्स्टेन्शन काढणं: शेवटच्या टिंबापुढचं उचललं की झालं का?

चुनाभट्टी_41

नमस्कार मंडळी. मुंबईतल्या गृहनिर्माण सोसायट्यांची जुनी कागदपत्रं स्कॅन होऊन एका लिनक्स सर्व्हरवर येतात: प्रॉपर्टी कार्ड, शेअर सर्टिफिकेट, मंजूर नकाशे, सभांची इतिवृत्तं. फाइलचं एक्स्टेन्शन (नावाच्या शेवटी टिंबापुढे येणारी प्रकाराची खूण) बघून ती योग्य फोल्डरमध्ये हलवणारी पायथन स्क्रिप्ट हवी आहे. सध्या पाथची (फोल्डरसकट फाइलच्या पत्त्याची) स्ट्रिंग टिंबावर तोडून शेवटचा तुकडा घेतला जातो. त्यात या नावांवर गडबड होते (कोडमधली सगळी नावं इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थात मूळ लिपीत):

/स्कॅन/के पूर्व/सी.टी.एस. क्र. 412
/स्कॅन/जी उत्तर/सभा 12.03.2019.पीडीएफ
/स्कॅन/जी उत्तर/सभा 12.03.2019
/स्कॅन/नकाशे.जुने/तळमजला
/स्कॅन/.डीएस_स्टोअर
/स्कॅन/बॅकअप.टार.जीझेड
सी:\स्कॅन\ना.हरकत\दाखला

शेवटचा पाथ विंडोजवर तयार झालेल्या सीएसव्ही यादीतून येतो. तळमजला नावाच्या फाइलचं एक्स्टेन्शन "जुने/तळमजला" असं निघतं. भरवशाची पद्धत कोणती?

लिनक्सवाला

पहिलं काम, स्प्लिट काढून टाका. स्ट्रिंगच्या स्प्लिटला पाथ म्हणजे काय ते ठाऊक नसतं. त्याला टिंब दिसतं, ते फोल्डरच्या नावातलं का असेना. शिवाय नावात टिंबच नसेल तर तो अख्खी स्ट्रिंग परत देतो आणि तीच एक्स्टेन्शन समजली जाते.

पायथनमध्ये दोन पर्याय आहेत. एक ओएस.पाथ.स्प्लिटएक्स्ट, हा जोडी परत देतो: टिंबाआधीचा सगळा पाथ, आणि टिंबासकट एक्स्टेन्शन. दुसरा पाथलिबमधल्या पाथ ऑब्जेक्टचा सफिक्स. दोन्ही आधी शेवटचा घटक वेगळा काढतात आणि मगच टिंब शोधतात, त्यामुळे "नकाशे.जुने/तळमजला" इथे रिकामी स्ट्रिंग मिळेल. नावाच्या सुरुवातीचं टिंबही दोघं एक्स्टेन्शन धरत नाहीत, म्हणून "/स्कॅन/.डीएस_स्टोअर"चंही उत्तर रिकामं.

आता तुमच्या यादीतली उरलेली नावं. "सभा 12.03.2019.पीडीएफ" बरोबर निघेल. "सभा 12.03.2019" चं एक्स्टेन्शन ".2019" येईल. "सी.टी.एस. क्र. 412" चं ". 412" येईल, मधल्या स्पेससकट. या दोन्ही ठिकाणी फंक्शन चुकलेलं नाही. नावात शेवटचं टिंब तिथेच आहे, आणि ते "क्र."चं आहे हे त्याला कळायला मार्ग नाही.

विंडोजच्या पाथचं वेगळं. लिनक्सवर उलटी तिरकी रेघ हे नावातलं साधं अक्षर असतं. तिथे स्प्लिटएक्स्टला "सी:\स्कॅन\ना.हरकत\दाखला" दिलंत तर ".हरकत\दाखला" परत येईल. यासाठी पाथलिबमध्ये प्युअरविंडोजपाथ आहे. डिस्कला हात न लावता तो विंडोजच्या नियमांनी पाथ फोडतो आणि लिनक्सवरही चालतो. सीएसव्हीतला कॉलम थेट त्यालाच द्या. तो सरळ आणि उलटी, दोन्ही रेघा विभाजक मानतो, म्हणजे मिश्र पाथही निभतात.

पण सगळे पाथ सरसकट त्यातून काढू नका. लिनक्सवरच्या एखाद्या फाइलच्या नावात खरंच उलटी रेघ असेल तर ते नाव मधूनच तुटेल. पाथ कुठून आला हे कॉलम वाचताना तुम्हाला माहीत असतं. तिथेच ठरवा.

मीरा_माहीम

इतके नियम आणि इतके अपवाद का, त्याचं कारण सांगते. ते कळलं की पुढचं सगळं सोपं जातं.

सीपी/एम आणि नंतर डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये एक्स्टेन्शन हा नावापासून खरोखर वेगळा रकाना होता. डिरेक्टरीच्या नोंदीत नावाला 8 बाइट, एक्स्टेन्शनला 3 बाइट, उरलेली जागा स्पेसने भरायची. टिंब डिस्कवर लिहिलंच जात नसे, ते फक्त दाखवताना घातलं जाई. त्या जगात "या फाइलचं एक्स्टेन्शन काय" या प्रश्नाला एकच उत्तर होतं.

युनिक्समध्ये असा रकाना कधीच नव्हता. नाव म्हणजे बाइटची एक माळ, त्यात फक्त तिरकी रेघ आणि शून्य बाइट वर्ज्य. टिंब हे इतर अक्षरांसारखंच एक अक्षर. टिंबाने सुरू होणारं नाव एलएस (फाइलींची यादी देणारी कमांड) दाखवत नाही एवढा संकेत आहे, पण तो एक्स्टेन्शनचा संकेत नव्हे. विंडोजनेही लांब नावं आणल्यावर टिंब नावाचाच भाग झालं.

म्हणजे आज एक्स्टेन्शन हा फाइलचा गुणधर्म उरलेला नाही, नावाच्या शेपटीबद्दलचा तो एक संकेत आहे. संकेत कुठे लागू करायचा हे प्रत्येक भाषेच्या लायब्ररीने आपापलं ठरवलं, म्हणून उत्तरं जुळत नाहीत. तुमच्या ढिगात हा संकेत कुठे पाळलाय आणि कुठे नाही, ते तुम्हालाच ठरवावं लागेल. लायब्ररी फार तर शेवटचं टिंब बरोबर शोधून देईल.

शून्य_एक

मीराताईंनी भाषांचा विषय काढलाच आहे तर फरक मांडतो. आमच्याकडे एकच यादी पायथन, नोड आणि गोमधून जाते, तिथे याचा रोज संबंध येतो.

आधी टिंब परत मिळतं की नाही ते बघा. पायथन, नोडचं पाथ.एक्स्टनेम, गोचं फाइलपाथ.एक्स्ट, सी-शार्पचं पाथ.गेटएक्स्टेन्शन, रुबीचं फाइल.एक्स्टनेम आणि सी++17 चं फाइलसिस्टिम पाथचं एक्स्टेन्शन, हे सगळे टिंबासकट देतात. पीएचपीचं पाथइन्फो, रस्टचं पाथचं एक्स्टेन्शन, जावातलं कॉमन्स आयओचं गेटएक्स्टेन्शन आणि ग्वावाचं गेटफाइलएक्स्टेन्शन टिंब वगळून देतात. एका सेवेने डेटाबेसमध्ये ".पीडीएफ" लिहिलं आणि दुसरी "पीडीएफ" शोधत बसली, तर कुठेही एरर येत नाही, फक्त काही सापडत नाही. सीमेवर एकच रूप ठरवून टाका.

दुसरा फरक टिंबाने सुरू होणाऱ्या नावांचा, समजा ".एनव्ही". पायथन, नोड, रुबी, रस्ट आणि सी++ म्हणतात एक्स्टेन्शन नाही. गो, सी-शार्प, पीएचपी, कॉमन्स आयओ आणि ग्वावा अख्ख्या नावालाच एक्स्टेन्शन मानतात. गोमध्ये स्ट्रिंग्ज.ट्रिमसफिक्स वापरून एक्स्टेन्शन कापलंत तर ".एनव्ही"चं मूळ नाव रिकामं उरतं, आणि मग फोल्डरच्याच पाथवर लिहायचा प्रयत्न होतो.

तिसरं, टिंबावर संपणारं नाव: "अहवाल.". पायथनचं स्प्लिटएक्स्ट, नोड, गो आणि सी++ नुसतं टिंब देतात. सी-शार्प रिकामी स्ट्रिंग देतं. रस्ट "एक्स्टेन्शन आहे, पण रिकामं" असं सांगतं, आणि ते "एक्स्टेन्शन नाही" याहून वेगळं उत्तर आहे. पाथलिबचं सफिक्स 3.13 पर्यंत रिकामं देत होतं, 3.14 पासून टिंब देतं. म्हणजे एकाच पायथनमध्ये आवृत्ती बदलली की हे उत्तर बदलतं. सफिक्स रिकामं आहे का यावर कोणी फांदी फोडली असेल तर अपग्रेड करताना तिथे लक्ष द्या.

पीएचपीवाल्यांसाठी अजून एक: पाथइन्फोकडून अख्खा अ‍ॅरे मागितला आणि नावात एक्स्टेन्शन नसलं, तर अ‍ॅरेत ती किल्लीच नसते. थेट वाचलीत की वॉर्निंग. एक्स्टेन्शनचा फ्लॅग देऊन मागा, रिकामी स्ट्रिंग मिळेल. आणि पाथइन्फो लोकेलवर, म्हणजे मशीनवर लावलेल्या भाषा-प्रदेशाच्या सेटिंगवर चालतं. पाथमध्ये मराठी अक्षरं असतील तर आधी सेटलोकेलने यूटीएफ-8 चं लोकेल लावा, असं त्याच्या अधिकृत माहितीतच म्हटलंय.

अनुस्वार

मराठी नावांचा विषय निघालाच आहे तर नीट बघू. इंग्रजी नावांवर न दिसणारे काही दोष इथेच दिसतात.

यूटीएफ-8 आणि यूटीएफ-16 या अक्षरं बाइटमध्ये लिहायच्या दोन पद्धती. यूटीएफ-8 मध्ये काळजी नाही. देवनागरी अक्षराचे तिन्ही बाइट हेक्स 80 किंवा त्याच्या वरचे असतात, आणि टिंबाचा बाइट 2ई, तिरक्या रेघेचा 2एफ. बाइट पातळीवर शेवटचं टिंब शोधलंत तरी एखाद्या अक्षराचा तुकडा टिंब म्हणून सापडणं शक्य नाही.

यूटीएफ-16 मध्ये तसं नाही. "म"चा कोड यू+092ई आहे आणि "य"चा यू+092एफ. म्हणजे यूटीएफ-16 च्या कच्च्या बाइटमध्ये "म"चा एक बाइट हुबेहूब टिंबाचा आणि "य"चा एक बाइट हुबेहूब तिरक्या रेघेचा. विंडोजकडून आलेली यूटीएफ-16 यादी कोणी बाइट म्हणून वाचून त्यात 2ई शोधला, तर "मुंबई"च्या पहिल्याच अक्षरावर टिंब सापडतं आणि "कार्यालय"मध्ये दोनदा फोल्डर बदलतं. इंग्रजी नावांवर चाचणी केली तर हे कधीच दिसत नाही. उपाय सरळ आहे: फाइल उघडताना एन्कोडिंग सांगून आधी स्ट्रिंगमध्ये आणा, तोडफोड त्यानंतर.

दुसरा मुद्दा लांबीचा. लिनक्सच्या ईएक्सटी4 फाइलसिस्टिमवर एका नावाची मर्यादा 255 बाइट आहे, अक्षरं नव्हे. देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट (युनिकोडमधलं एकेक क्रमांकित चिन्ह) 3 बाइट खातो, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे स्वतंत्र कोडपॉइंट. "सोसायटी" दिसायला चार अक्षरं, पण कोडपॉइंट 7, बाइट 21. टिंब धरून चार बाइटचं एक्स्टेन्शन वजा केलं तर नावाला 251 बाइट उरतात, म्हणजे जेमतेम 83 कोडपॉइंट. विंडोजच्या एनटीएफएसवर मर्यादा 255 यूटीएफ-16 एककांची आहे, तिथे देवनागरीचा कोडपॉइंट एकच एकक खातो. म्हणून "वार्षिक सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त आणि लेखापरीक्षण अहवाल" छापाची, पण याहूनही लांबलचक नावं विंडोजवर सुखाने राहतात आणि लिनक्सवर उतरवताना "नाव फार लांब" अशी एरर येते.

मग कोणीतरी नाव पहिल्या 255 बाइटवर छाटतं. छाटणी शेवटून होते, आणि शेवटी एक्स्टेन्शनच असतं! शिवाय छाटणी अक्षराच्या मधोमध पडली तर उरलेलं नाव वैध यूटीएफ-8 राहत नाही. छाटायचंच असेल तर आधी स्प्लिटएक्स्ट करा, पुढच्या भागाचे बाइट मोजून 255 वजा एक्स्टेन्शनचे बाइट एवढ्यावर कापा, डीकोड करताना अर्धवट बाइट सोडून द्या, मग एक्स्टेन्शन परत जोडा.

तिसरा मुद्दा "ऱ"चा. "दुसऱ्या मजल्याचा नकाशा" या नावातला "ऱ्य" तीन प्रकारे लिहिलेला सापडतो: एकसंध ऱ (यू+0931) आणि हलन्त, साधा र, नुक्ता आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि झीरो विड्थ जॉइनर (अदृश्य जोडचिन्ह). पडद्यावर तिन्ही सारखे, बाइट वेगळे. पहिले दोन युनिकोडच्या एनएफसी नॉर्मलायझेशनने (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एका ठरावीक रूपात आणल्याने) एक होतात. तिसरा होत नाही, तो स्वतः बदलावा लागतो. एक्स्टेन्शन काढायला याची बाधा नाही, पण एक्स्टेन्शन कापून उरलेल्या नावावर "हीच फाइल आधी आली होती का" हे तपासणार असाल तर नॉर्मलाइझ न करता तुलना करू नका. जुन्या मॅकचं एचएफएस प्लस नावं फोडलेल्या रूपात साठवतं, त्यामुळे मॅकवरून आलेल्या प्रतींत दुसरा प्रकार हमखास दिसतो.

चुनाभट्टी_41

"म" आणि "य"चं अगदीच अनपेक्षित होतं. विंडोजची यादी यूटीएफ-16 मध्येच आहे, तपासली.

एक उपप्रश्न. एक्स्टेन्शन नुसतं आकड्यांचं असेल तर ते नाकारायचं असा नियम लावला तर? ".2019" आणि ". 412" दोन्ही निघून जातील.

लिनक्सवाला

अर्धवट चालेल. तुकड्यांत विभागलेल्या संग्रहांना ".001", ".002" अशी खरी एक्स्टेन्शनं असतात. आणि उलट बाजूने "ता. 5 मार्च" किंवा "डॉ. पत्र" यांतली शेपूट आकडी नाही, तरी ती एक्स्टेन्शन नव्हेच. मराठी नावांत क्र., ता., जि., रु., श्री., डॉ. ही संक्षेपाची टिंबं कुठेही येतात, आकड्यांचा नियम त्यांना कुठवर पुरणार?

त्यापेक्षा माहीत असलेल्या एक्स्टेन्शनांची यादी ठेवा आणि जे त्यात बसेल तेवढंच एक्स्टेन्शन माना. स्कॅनच्या कामात यादी छोटी असते: पीडीएफ, जेपीजी, जेपीईजी, टिफ (एक एफ आणि दोन एफ, दोन्ही), पीएनजी, डॉक, डॉकएक्स, एक्सएलएस, एक्सएलएसएक्स, झिप. न बसणारी प्रत्येक फाइल "अनोळखी" फोल्डरात जाऊ द्या आणि तो फोल्डर माणसाने बघावा.

यादी करण्याआधी ढिगात काय आहे ते मोजा. पाथलिबच्या आरग्लॉबने सगळ्या फाइली फिरा, प्रत्येकीचं सफिक्स लोअरकेस करून कलेक्शन्समधल्या काउंटरमध्ये टाका, आणि मोस्ट_कॉमन छापा. दहाबारा ओळींचं काम. वरच्या नोंदी खऱ्या एक्स्टेन्शनांच्या असतात. खाली एकेकदा आलेल्या नोंदींची शेपटी दिसते, तीच तुमची "क्र. 412" मंडळी.

तुलना मात्र लोअरकेस करूनच. काही स्कॅनर कॅपिटलमध्ये लिहितात. पायथनचं लोअर लोकेलवर अवलंबून नाही, तिथे चिंता नको. जावाचं टूलोअरकेस आणि सी-शार्पचं टूलोअर मात्र मशीनच्या लोकेलप्रमाणे वागतात. तुर्की लोकेलवर कॅपिटल आय बिनटिंबाचा होतो आणि "टिफ", "झिप" यादीत सापडत नाहीत. जावात लोकेल.रूट द्या, सी-शार्पमध्ये टूलोअरइन्व्हेरियंट वापरा.

मीरा_माहीम

बॅकअप.टार.जीझेड राहिलंच. स्प्लिटएक्स्ट आणि सफिक्स फक्त ".जीझेड" देतात. एका अर्थी ते बरोबरच आहे, बाहेरचं आवरण जीझिपचं आहे. पाथलिबमध्ये सफिक्सेस म्हणून यादी मिळते, तिच्यात ".टार" आणि ".जीझेड" दोन्ही येतात. पण तीच यादी "सभा 12.03.2019.पीडीएफ" वर ".03", ".2019", ".पीडीएफ" अशी तीन देते. म्हणून सफिक्सेस सरसकट जोडून एक्स्टेन्शन बनवू नका. टार.जीझेड, टार.बीझेड2, टार.एक्सझेड एवढी जोड-एक्स्टेन्शनं वेगळ्या यादीत ठेवा आणि नाव त्यांनी संपतं का हे आधी तपासा.

विथ_सफिक्सही जपून. बॅकअप.टार.जीझेडवर विथ_सफिक्स रिकाम्या स्ट्रिंगने चालवलं तर बॅकअप.टार उरतं. आणि "सी.टी.एस. क्र. 412" वर विथ_सफिक्स(".पीडीएफ") चालवलंत तर "सी.टी.एस. क्र.पीडीएफ" होतं, 412 गायब! सर्व्हे क्रमांकच गेला, आणि 413 क्रमांकाची फाइलही त्याच नावावर येऊन आदळते. एक्स्टेन्शन नसलेल्या नावाला ते जोडायचं असेल तर विथ_नेम वापरून जुन्या अख्ख्या नावापुढे जोडा.

तयार काही हवं असेल तर माइमटाइप्स मॉड्यूल बघा. टार.जीझेड दिलं की प्रकार टार आणि एन्कोडिंग जीझिप अशी वेगवेगळी उत्तरं देतं. फक्त ते मशीनवरची कोष्टकंही वाचतं, विंडोजवर रजिस्ट्री बघतं, त्यामुळे दोन मशीनवर दोन उत्तरं मिळू शकतात. पायथन 3.13 पासून फाइलच्या पाथसाठी गेस_फाइल_टाइप हे वेगळं फंक्शन आलंय.

सायन_सिस्टीम्स

वॉर्डच्या नावांकडे लक्ष द्या. तुम्ही "के पूर्व", "जी उत्तर" लिहिलंय. पण महापालिकेच्या कागदांवर ते "के/पूर्व", "जी/उत्तर" असं तिरक्या रेघेने येतं. एक्सेलच्या कॉलममधून वॉर्ड उचलून ओएस.पाथ.जॉइनला दिलात तर "के" नावाचा फोल्डर आणि त्याच्या आत "पूर्व" असं होईल. के/पूर्व आणि के/पश्चिम एकाच "के"खाली जातील, आणि फाइलचं नाव वॉर्डने सुरू होत असेल तर शेवटचा घटकच चुकेल. त्याहून वाईट, जॉइनला दिलेला एखादा तुकडा रेघेनेच सुरू झाला तर आधीचे सगळे तुकडे टाकून दिले जातात. डेटा पाथमध्ये घालण्याआधी रेघ बदलून हायफन किंवा अंडरस्कोर करा.

मॅकवर फाइंडरमध्ये नावात तिरकी रेघ टाइप करता येते, कारण खाली ती कोलन म्हणून साठते. टर्मिनलमधून बघाल तर "के:पूर्व" दिसेल. ते नाव विंडोजवर चालत नाही, तिथे कोलन म्हणजे एनटीएफएसचा पर्यायी डेटा प्रवाह. कॉमन्स आयओचं गेटएक्स्टेन्शन विंडोजवर अशा नावाला थेट एक्सेप्शन देतं, आणि ते मुद्दाम तसं केलेलं आहे.

आता सुरक्षा. सोसायटीच्या सभासदांना पोर्टलवरून कागद अपलोड करायला देणार असाल तर एक्स्टेन्शनवर सुरक्षेची भिंत उभी करू नका. का, ते सांगतो.

विंडोजचं नेहमीचं एपीआय नावाच्या शेवटची टिंबं आणि स्पेस गाळतं. "चालवा.ईएक्सई." हे नाव तपासणीत "ईएक्सई नाही" म्हणून सुटतं आणि डिस्कवर "चालवा.ईएक्सई" म्हणून उतरतं. तपासण्याआधी शेवटची टिंबं-स्पेस स्वतः कापा.

पीएचपी 5.3.4 च्या आधी नावात शून्य बाइट घुसवून "शेल.पीएचपी", शून्य बाइट, ".जेपीजी" असं पाठवता येत असे. पीएचपी पूर्ण स्ट्रिंग बघून जेपीजी म्हणे, आणि खालचं सी लायब्ररीचं फंक्शन शून्य बाइटवर थांबून पीएचपी फाइल लिही. आताच्या आवृत्त्यांत हे बंद आहे, पण सीमध्ये लिहिलेलं जुनं काही मध्ये असेल तर शून्य बाइट असलेलं नाव नाकाराच.

अपॅचेचं मॉड_माइम एका नावातली अनेक एक्स्टेन्शनं बघतं. पीएचपी अ‍ॅडहँडलरने जोडलेलं असेल तर "फोटो.पीएचपी.जेपीजी" पीएचपी म्हणून चालू शकतं, तुमचं स्प्लिटएक्स्ट मात्र त्याला जेपीजी म्हणेल. फाइल्समॅच वापरून फक्त शेवटी ".पीएचपी" असलेली नावंच जोडा, आणि अपलोडचा फोल्डर वेब रूटच्या बाहेर ठेवा.

आणि यू+202ई, म्हणजे लिखाण उजवीकडून डावीकडे वळवणारं अदृश्य चिन्ह. ते नावात घातलं की शेवटचा भाग उलटा दिसतो: खरं एक्स्टेन्शन ईएक्सई, माणसाच्या डोळ्याला पीडीएफ. कोड फसत नाही, यादी चाळणारा सेक्रेटरी फसतो. मे 2000 मधल्या आयलव्हयू किड्याची ".टीएक्सटी.व्हीबीएस" अशी दुहेरी शेपूट याच जातीची होती: विंडोज ओळखीचं एक्स्टेन्शन लपवतं, म्हणून लोकांना ती साधी मजकुराची फाइल दिसली. नावातली दिशा बदलणारी आणि नियंत्रणाची चिन्हं काढून टाका. पण सरसकट "सगळी अदृश्य चिन्हं काढा" असं करू नका, झीरो विड्थ जॉइनर मराठीत लागतो.

सर्वांत बरं म्हणजे अपलोड झालेल्या फाइलीला स्वतःचं नाव द्या. क्रमांक किंवा यूयूआयडी, आणि त्यापुढे तुम्ही मजकूर तपासून ठरवलेलं एक्स्टेन्शन. सभासदाने दिलेलं नाव डेटाबेसच्या कॉलममध्ये राहू द्या.

शून्य_एक

मजकूर तपासायचा म्हणजे सुरुवातीचे बाइट बघायचे. पीडीएफ "%पीडीएफ-"ने सुरू होते, पण ती खूण काही बाइट उशिरा आली तरी अ‍ॅक्रोबॅट फाइल उघडतो, म्हणून पहिल्या 1024 बाइटमध्ये शोधा. जेपीईजी हेक्स एफएफ डी8 एफएफ. पीएनजी 89 50 4ई 47. टिफचे दोन प्रकार: 49 49 2ए 00 किंवा 4डी 4डी 00 2ए. झिप 50 4बी 03 04.

डॉकएक्स आणि एक्सएलएसएक्स याही झिपच असतात. बाइट बघून नुसतं "झिप" कळतं, आत "वर्ड" की "एक्सएल" नावाचा फोल्डर आहे ते उघडून बघावं लागतं. आणि काही पोर्टलवरून उतरवलेली "एक्सएलएस" फाइल प्रत्यक्षात एचटीएमएलचं कोष्टक असते. एक्सेल ती उघडताना फॉरमॅट आणि एक्स्टेन्शन जुळत नसल्याचा इशारा देतं, पायथनची एक्सेल वाचणारी लायब्ररी मात्र सरळ अडते. खऱ्या जुन्या एक्सएलएसची सुरुवात डी0 सीएफ 11 ई0 ने होते.

लिनक्सवर हे सगळं "फाइल" कमांड करते, माइम-टाइपचा पर्याय देऊन चालवा. मजकूर आणि एक्स्टेन्शन जुळले नाहीत तर फाइल "अनोळखी"त टाका, आपोआप नाव बदलू नका.

अनुस्वार

यूआरएल येणार असतील तर एक ओळ: यूआरएल थेट स्प्लिटएक्स्टला देऊ नका. प्रश्नचिन्हापुढची क्वेरी आणि हॅशपुढचा भाग एक्स्टेन्शनला चिकटतो, आणि नुसत्या डोमेनचं एक्स्टेन्शन ".कॉम" निघतं. आधी यूआरएलपार्सने पाथ वेगळा करा, मग अनकोट, मग स्प्लिटएक्स्ट. मराठी नावं टक्केवारीच्या कोडमध्ये येतात म्हणून अनकोट हवंच.

चुनाभट्टी_41

सगळ्यांचं धरून असं लिहिलंय, बघा:

फंक्शन प्रकार(पाथ, विंडोजचा_आहे):
  नाव = विंडोजचा_आहे तर प्युअरविंडोजपाथ(पाथ).नेम, नाहीतर प्युअरपॉझिक्सपाथ(पाथ).नेम
  नाव = नाव.आरस्ट्रिप(टिंब आणि स्पेस).लोअर
  जोड_यादीतल्या प्रत्येक शेपटीसाठी: नाव शेपटीने संपत असेल तर शेपूट परत
  शेपूट = स्प्लिटएक्स्ट(नाव) चा दुसरा भाग
  शेपूट माहीत_यादीत असेल तर शेपूट परत, नाहीतर रिकामी स्ट्रिंग परत

प्रकार ठरला की पाथ.रीनेमने फाइल हलवायची.

लिनक्सवाला

जोड_यादीच्या ओळीत नाव शेपटीपेक्षा लांब आहे हेही तपासा. नुसतं ".टार.जीझेड" एवढंच नाव असलेली फाइल त्या ओळीत अडकेल, खालचा स्प्लिटएक्स्ट मात्र तिच्यातून ".जीझेड" काढतो. आरस्ट्रिप केलेलं नाव फक्त प्रकार ठरवायला वापरा, डिस्कवरची फाइल उघडताना मूळ नावच द्या. लिनक्सवर "अहवाल." आणि "अहवाल" या दोन वेगळ्या फाइली आहेत.

रीनेम मात्र बदला. लिनक्सवर पाथ.रीनेम आधीच असलेल्या फाइलवर न विचारता लिहितं, विंडोजवर तेच फाइलएक्झिस्ट्सएरर देतं. विंडोजच्या लॅपटॉपवर चाचणी नीट झाली म्हणून सर्व्हरवर निर्धास्त चालवलंत, तर दोन इमारतींच्या "नकाशा.पीडीएफ"पैकी एक कायमची जाईल. एकाच डिस्कवर हलवत असाल तर आधी ओएस.लिंकने नव्या नावाची हार्ड लिंक (त्याच फाइलला दुसरं नाव) करा. नाव आधीच असेल तर ती एररने थांबते. लिंक झाली की जुनं नाव अनलिंक करा. डिस्क वेगळी असेल तर लिंक होणार नाही, तिथे नवी फाइल "एक्स" मोडमध्ये उघडून मजकूर कॉपी करा, दोन्हीकडचा एसएचए-256 (मजकुरावरून काढलेला ठसा) जुळला की मगच जुनी काढा.

पहिल्या फेरीत काहीच हलवू नका. जुना पाथ, ठरलेला प्रकार आणि नवा पाथ असे तीन कॉलम सीएसव्हीत लिहा, नव्या पाथवर सॉर्ट करा आणि लागोपाठ आलेले सारखे पाथ बघा. ही तुलना एनएफसी आणि लोअरकेस करून घ्या, कारण पुढे हा फोल्डर कोणी विंडोजवर उतरवला तर तिथे कॅपिटल आणि स्मॉल नावं एकच धरली जातात.

चुनाभट्टी_41

लांबीची अट घातली, रीनेम काढून लिंक-अनलिंक केलं. स्कॅनचा फोल्डर आणि नवा फोल्डर एकाच डिस्कवर आहेत, त्यामुळे कॉपीची गरज नाही. आता आधी सीएसव्ही काढतो, आणि "अनोळखी"तली नावं सोसायटीच्या यादीशी ताडून बघायला देतो.